मदत हवी आहे : स्टीअरिंगमधील क्लॉक स्प्रिंग घरी बदलण्याबाबत

माझ्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला आहे, स्टीअरिंगवरील बटणे चालत नाहीत आणि एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असतो. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत असल्यामुळे, हॉर्न, बटणे आणि एअरबॅग यांना वीजजोडणी देणारी, स्टीअरिंगखाली गुंडाळलेली चपटी वायर, म्हणजेच क्लॉक स्प्रिंग, तुटली असावी असा माझा अंदाज आहे. हॉर्नचा फ्यूज आणि रिले मी तपासले असून ते चांगले आहेत.

बॅटरीची ऋण तार काढल्यानंतरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते, म्हणून थांबणे आवश्यक आहे, हे मला माहीत आहे. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला साधा मल्टीमीटर लावायचा नाही आणि काढलेली एअरबॅग आवरणाची बाजू वर करूनच ठेवायची, हेही मी कटाक्षाने पाळणार आहे. यात घाई करण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

खरी अडचण पुढे आहे. नवीन क्लॉक स्प्रिंगची मध्यस्थिती (म्हणजे ती दोन्ही बाजूंना सारखीच फिरू शकेल अशी जागा) पार्सल येताना हलली असल्यास, ती दोन्ही टोकांपर्यंत हलक्या हाताने फिरवून फेरे मोजावेत आणि निम्म्यावर आणावी, ही पद्धत सर्व गाड्यांना लागू पडते का? मध्य चुकल्यास पूर्ण वळणावर वायर पुन्हा तुटेल, अशी मला भीती वाटते. तसेच स्टीअरिंग कोनाचा सेन्सर याच भागात बसवलेला असेल, तर स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचणाऱ्या उपकरणाने) त्याचे पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे शून्य कोनाची जुळणी, करावेच लागते का, आणि एअरबॅगचा दोषसंकेत गाडीच्या ओबीडी (दोषतपासणी) सॉकेटला लावायच्या साध्या स्कॅनरने पुसला जातो का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.