कंचेभागुबेव पाळूनही उत्तर चुकते, ते का?

गृहपाठग्रस्त
माझी मुलगी सहावीत आहे. काल तिला गृहपाठात 20 − 8 + 5 ही पदावली सोडवायची होती. तिने वहीच्या कोपऱ्यात आधी 'कंचेभागुबेव' (क्रियांचा क्रम: कंस, 'चे' म्हणजे '12 चे 1/3' सारखे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) लिहिले, बेरीज अगोदर म्हणून 8 आणि 5 मिळवून 13 केले, ते 20 मधून वजा केले आणि उत्तर 7 लिहिले. पुस्तकामागच्या उत्तरसूचीत मात्र 17 आहे. मीही शाळेत हेच सूत्र घोकलेले असल्यामुळे प्रथम मला छपाईची चूक वाटली. 'बे' हे 'व'च्या आधी असताना बेरीज आधी करणे चूक कसे, हे तिला कसे समजावावे? "डावीकडून सोडव" असे सांगितले, तर "मग सूत्र कशाला पाठ करायचे?" असा प्रश्न आला आणि मी गप्प बसले.

जुना_मास्तर
मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. अक्षरे एकापुढे एक म्हणावी लागतात, त्यामुळे मुलांना त्यात सहा पायऱ्या दिसतात. प्रत्यक्षात त्या चारच आहेत. कंस, मग 'चे', मग भागाकार-गुणाकार मिळून एक पायरी आणि बेरीज-वजाबाकी मिळून एक पायरी. एकाच पायरीवरच्या क्रियांत डावीकडून जी आधी येईल, ती आधी करायची.
गंमत अशी की भागाकार नेहमी आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. 12 × 6 ÷ 3 मध्ये 6 ला 3 ने आधी भागा किंवा 12 आणि 6 चा गुणाकार आधी करा, येतात 24 च. म्हणून हा गैरसमज बरेच दिवस लपून राहतो आणि वजाबाकीनंतर बेरीज आली की उघडा पडतो. फार तर 6 × 5 ÷ 3 सारख्या ठिकाणी "5 ला 3 ने भाग जात नाही" म्हणून मूल अडून बसते.

खडूफळा
वरील उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते सूत्रातला 'बे'ही चुकीचा नाही. मुलीने बेरीज चुकीच्या संख्यांची केली. चिन्ह हे त्याच्या उजवीकडच्या संख्येचे असते. 8 च्या मागे वजा आहे, तेव्हा 8 आणि 5 ची बेरीज करताच येत नाही. बेरीज करायची ती 20 आणि 5 ची, म्हणजे 25, आणि त्यातून 8 गेले की 17. तिला पैशांत विचारा: खिशात 20 रुपये होते, 8 रुपयांचे पेन घेतले, नंतर आजीने 5 रुपये दिले. आजीने दिलेले पैसे खर्चात कोणी धरत नाही, पण मुलीने ते नेमके खर्चात धरले आहेत.

कोपऱ्यातला_बाक
'चे' विसरू नये, एवढेच जोडतो. 36 ÷ 12 चे 1/3 यात 12 चे 1/3 म्हणजे 4 आधी काढायचे, म्हणून उत्तर 9 येते. 'चे'च्या जागी गुणाकाराचे चिन्ह असते, तर डावीकडून सोडवून 1 आले असते. 'चे' म्हणजे गुणाकारच, असे घरी सरसकट सांगितले जाते आणि मूल इथे फसते.

गृहपाठग्रस्त
सर्वांचे आभार. आजीचे 5 रुपये लगेच पटले. मग 30 − 12 + 7 − 4 दिले, तेव्हा तिने प्रत्येक संख्येला तिच्या चिन्हासकट गोल केला, 37 मधून 16 वजा करून 21 काढले आणि डावीकडून सोडवून पडताळाही घेतला. नंतर वहीच्या कोपऱ्यातले सूत्र खोडून 'कंचे(भागु)(बेव)' असे लिहिले, आणि थोड्या वेळाने विचारले, "आई, आता हे कंस आधी सोडवायचे का?"