ग्रीसमधील एकाच बेटावर तीन आठवडे : नाक्सोसविषयी सल्ला हवा आहे

पंचगंगाकाठ :

नमस्कार मंडळी. पुढील वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून तीन आठवडे ग्रीसला जाण्याचा माझा आणि पत्नीचा विचार आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर अकरा दिवसांत अथेन्स आणि चार बेटे उरकली होती. त्या सहलीतले आज काय आठवते असे कुणी विचारले, तर पहाटे साडेपाचला हॉटेलच्या खोलीबाहेर मांडून ठेवायच्या बॅगा आणि बोटीच्या तळाशी गाड्यांच्या रांगेतून वाट काढताना नाकात बसलेला डिझेलचा वास, एवढेच सांगता येईल. सांतोरिनीचा सूर्यास्तही आम्ही पाहिला, पण तो पुढच्या माणसांनी उंचावलेल्या मोबाइलच्या पडद्यांवर.

आता दोघेही निवृत्त आहोत आणि घाई कसलीच नाही. म्हणून या वेळी एकच बेट निवडावे, तिथे घर भाड्याने घ्यावे, सकाळी पाव आणायला जावे आणि संध्याकाळी बंदरावर बसावे, असा बेत आहे. वाचन करून नाक्सोस पक्के करत आणले आहे. मात्र तीन शंका आहेत. एकाच बेटावर तीन आठवडे कंटाळा येईल का? मी तिथे गाडी चालवणार नाही, तर बसवर भागेल का? आणि पत्नी कट्टर शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, तिचे कसे होईल? ज्यांनी तिथे असा मुक्काम केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुक्कामपोस्ट :

नाक्सोस निवडलेत ते चांगले केलेत. दोन वर्षांपूर्वी याच हंगामात मी आणि माझी सत्तरीची आई तिथे सव्वीस दिवस राहिलो होतो. किक्लादीस द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे. मधोमध झास नावाचा हजार मीटरच्या किंचित वर जाणारा डोंगर आहे, त्याच्या आधाराने पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणून बटाटा, गाईगुरे, चीज, ऑलिव्हच्या बागा असे सगळे आहे. आसपासची कितीतरी बेटे पर्यटक परतले की दारे लावून बसतात. इथे अठरा-वीस हजार माणसे बारा महिने राहतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरचा गलका ऐकू येतो, ट्रॅक्टरच्या मागे अडकलेली बस दिसते आणि आपण कुणाच्या तरी चालत्या घरात पाहुणे आहोत असे वाटते.

आम्ही पहिले दहा दिवस होरा या बंदराच्या गावी आणि पुढचे सोळा दिवस हाल्की या आतल्या गावी काढले. होरात पहिल्याच संध्याकाळी लोकांबरोबर चालत आम्ही पोर्ताराशी पोहोचलो. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्दामिस या सत्ताधीशाने सुरू केलेले आणि कधीच पुरे न झालेले हे देऊळ. त्याची संगमरवरी चौकट तेवढी एका लहानशा टेकाडावर उभी आहे. एकदा जाऊन फोटो काढला की हे स्थळ संपते, पण रोज संध्याकाळी तिथवर फेरी मारणे ही निराळी गोष्ट आहे. या फेरीला तिथे ‘वोल्ता’ म्हणतात. चौथ्या दिवशी बाकावरच्या दोन वृद्धांनी आईला मान लवून ‘कालिस्पेरा’, म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हटले, आणि त्यानंतर एक संध्याकाळ चुकली तरी तिला रुखरुख लागू लागली.

खरी गंमत हाल्कीला आली. आमची घरमालकीण आजी सकाळी पायरीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसे. आईने जुडीतला एक देठ मोडून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा तर माठ!” आजी म्हणाली, “व्लिता.” दोघींनी आपापला शब्द दोनतीनदा ठणकावून सांगितला आणि मग आई खाली बसून निवडू लागली. आपल्या सवयीने तिने जाडसर देठ बाजूला टाकले. आजीने ते एकेक करून उचलून पुन्हा पातेल्यात घातले. तिकडे ही भाजी देठांसकट उकडतात आणि वरून ऑलिव्हचे तेल व लिंबू घालतात, बाकी काही नाही. आईचा अभिप्राय असा पडला की भाजी उत्तम, फक्त फोडणी राहिली. पुढे कळले की टोमॅटोच्या कोशिंबिरीत दिसणारी मांसल पाने म्हणजे आपली घोळ होती. तिथे तिला ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणतात आणि कच्चीच खातात. या दोन ओळखी पटल्यावर आईचा बाजारात वावर बदलला; बोट दाखवण्याऐवजी ती भाजी हातात घेऊन पारखू लागली.

बसचे म्हणाल तर होरा ते हाल्की सोळा-सतरा किलोमीटर आहे आणि तीच वाट पुढे फिलोती व अपिरांथोसला जाते. तिकीट स्थानकावरून आधी काढून ठेवावे. ऑक्टोबर लागला की फेऱ्या कमी होतात, तेव्हा परतीची शेवटची बस विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका. आम्ही एकदा फिलोतीच्या चौकात चिनाराखाली तीन तास बसलो आहोत. ते तीन तास वाया गेले असे मात्र म्हणवत नाही.

अथेन्सकर :

मी नोकरीनिमित्त आठ वर्षे अथेन्समध्ये आहे आणि सासर, म्हणजे पत्नीचे माहेर, किक्लादीसमध्येच आहे. म्हणून खाण्यापिण्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण याबाबत गोड गैरसमज फार आहेत.

ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असल्यामुळे मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेले पदार्थ सर्वत्र मिळतात आणि त्यांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपले लोक निर्धास्त होतात, पण कोळंबी, माकूल आणि ऑक्टोपस या उपवासाला चालतात, कारण त्यांना रक्त नसते असे मानले जाते. आपल्या सौभाग्यवतींसाठी कामाचा शब्द ‘लादेरा’ हा आहे. तेलात मुरवत शिजवलेल्या भाज्यांचा हा सगळा गट, त्यात फरसबी, भेंडी, वांगे-बटाटा-दुधीच्या जातीची भाजी हे सारे येते. भरल्या टोमॅटो-मिरचीत, म्हणजे ‘येमिस्ता’त, कधी खिमा असतो आणि कधी नुसता भात, नुसत्या भाताच्या येमिस्तांना ‘ओर्फाना’, म्हणजे पोरकी, असे नाव आहे. पोरकी आहेत का, असे विचारावे, वाढणारा हसतो आणि खरे सांगतो. ‘फावा’ मागवल्यास लाखेच्या किंवा वाटाण्याच्या डाळीचे घट्ट पिठले समोर येते, वर कच्चा कांदा आणि लिंबू.

चीजबाबत मात्र सांगितलेच पाहिजे. नाक्सोसची ग्राविएरा मुख्यतः गाईच्या दुधाची आणि फार चांगली असते, पण पारंपरिक पद्धतीत दूध विरजताना वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील रेनेट वापरतात. पत्नी खरोखर कट्टर असतील तर प्रत्येक चीजबद्दल विचारावे लागेल. दही बिनघोर खावे.

विचारताना आणखी एक पेच आहे. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय आणि ‘ओही’ म्हणजे नाही. पहिले काही दिवस आपला मेंदू ‘ने’ला नकारच समजतो. बाजारातील नकार तर बहुधा उच्चारलाही जात नाही. भुवया वर जातात, हनुवटी किंचित उचलली जाते आणि जिभेने ‘च्क’ असा आवाज येतो. तो मात्र आपल्याला शिकावा लागत नाही, कारण आपल्या आजोळीही नकार असाच दिला जात असे. वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना ‘या सू’ न म्हणता ‘या सास’ म्हणावे. तू आणि तुम्ही यांच्यात आहे तोच फरक आहे.

प्रवासाचे सांगायचे तर अथेन्स विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत २०२२ पासून थेट मेट्रो जाते आणि तिथून मोठ्या बोटीने नाक्सोसला पाच-साडेपाच तास लागतात. जुलै-ऑगस्टमधला ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा सप्टेंबरअखेर ओसरतो, तरी वारा आठ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजण्याच्या मापाच्या) आसपास गेला की बंदर अधिकारी बोटी रोखतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर असू नये, किमान दोन रात्री अथेन्समध्ये हाताशी ठेवाव्यात.

दर्यावर्दी :

मी थोडा वेगळा सूर लावतो. तीन आठवडे एका ठिकाणी राहण्याचे कौतुक वाचायला छान वाटते, पण दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर एक पोकळी येते हे कुणी सांगत नाही. मलाही ती आली. पाव आणून झाला, कॉफी झाली, पुस्तक वाचून संपले, आणि दुपारी तीन ते साडेपाच तर उन्हाळी नियमानुसार सक्तीची शांतता. दुकाने बंद, गल्लीत मांजर तेवढे जागे. त्या चार दिवसांत मी दोनदा परतीचे तिकीट अलीकडे आणता येईल का ते पाहिले, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

त्यातून मला बाहेर काढले अपिरांथोसने. संगमरवराच्या फरसबंद गल्ल्यांचे हे डोंगरातले गाव. तिथल्या खाणींतून ‘स्मिरिदा’ निघत असे. इंग्रजीत जिला एमरी म्हणतात आणि पॉलिश पेपरवर जिची पूड असते, तीच ही. तिचा मुख्य घटक म्हणजे आपला धार लावायचा कुरुंद. खाणींवर आसपासच्या गावकऱ्यांचा वडिलोपार्जित हक्क होता आणि १९२० च्या दशकात उभारलेल्या रज्जुमार्गाने दगड खाली मुत्सुना बंदरात जात असे. मनोऱ्यांची रांग अजून उतारावर उभी आहे. कॅफेतील एका निवृत्त खाणकामगाराने मला खिशातून काळा, जड खडा काढून दिला आणि टेबलावरच्या रिकाम्या बाटलीवर ओढून दाखवायला सांगितले. काचेवर पांढरा ओरखडा उमटला. त्या गावात लोक यमक जुळवून दोन-दोन ओळींची ‘कोत्साकिया’ उत्स्फूर्तपणे रचतात. त्याने माझ्यावरही एक रचले, सगळे हसले आणि मला काय म्हटले ते आजतागायत कळलेले नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की दुसऱ्या आठवड्यात तीन-चार दिवस किक्लादीसमधल्याच तीनोस बेटावर जाऊन यावे. १८२३ मध्ये सापडलेल्या मेरीमातेच्या प्रतिमेसाठी बांधलेले तिथले देवालय ग्रीसचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. बंदरापासून चढावर रस्त्याच्या कडेला एक लांबलचक जाजमाची पट्टी अंथरलेली असते, आणि नवस बोललेली माणसे तिच्यावरून गुडघ्यांवर रांगत वर जातात. लोटांगण पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. १५ ऑगस्टच्या उत्सवाची गर्दी सप्टेंबरात नसते.

पंचगंगाकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. पत्नीने ‘पोरकी’ हा शब्द वहीत लिहून घेतला आहे आणि चीजविषयीचे वाचून थोडा वेळ गप्प बसली होती. दर्यावर्दी, तुमची पोकळी आम्ही कोल्हापुरातही दर रविवारी दुपारी अनुभवतो, त्यामुळे तिचे भय वाटत नाही. तीनोसचा मात्र विचार करू. आता दोनच गोष्टी विचारतो. घरात स्वयंपाक करायचा तर इथून काय न्यावे? आणि हाल्कीत ‘कित्रोन’ नावाचे मद्य एका लिंबूवर्गीय झाडाच्या पानांपासून करतात असे वाचले. ते झाड कोणते? आम्ही मद्य घेत नाही, केवळ कुतूहल आहे.

मुक्कामपोस्ट :

कोल्हापूरकराने हे विचारावे हा योग छान आहे. ते झाड महाळुंगाचे. अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे, तेच. हाल्कीच्या चौकात १८९६ पासूनची भट्टी आहे आणि तांब्याची जुनी भांडी पाहायला कुणालाही आत जाता येते. मद्य तीन रंगांत असते. हिरवे सर्वांत गोड आणि सौम्य, पिवळे कडक, बिनरंगी त्या दोहोंच्या मधले. आईनेही घेतले नाही, पण तिला त्याहून चांगले मिळाले. आजीच्या बहिणीकडे गेलो तेव्हा छोट्या बशीत महाळुंगाच्या सालीचा मुरांबा, एकच फोड, चमचा आणि शेजारी थंड पाण्याचा पेला असे समोर आले. पाहुण्याला आधी हे, मग विचारपूस. आई म्हणाली, आपल्याकडे गूळ-पाणी द्यायचे तसेच आहे, आणि फोड खाऊन झाल्यावर चमचा पाण्यात बुडवून ढवळून प्यायली. ती बहीणही तसेच करत होती.

स्वयंपाकाचे सोपे आहे. मसूर, हरभरे, चवळी, हळद आणि तांदूळ तिथे मिळतात, तूरडाळ मिळत नाही. फोडणीचे सामान आणि लहान कुकर न्यावा. शेगडी बहुतेक विजेची असते आणि तापायला वेळ लावते, त्यामुळे आईची पहिली पोळी पापड झाली. अंघोळीच्या पाण्याचा बॉयलर भिंतीवरच्या फ्यूजच्या पेटीतून चालू करायचा असतो, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले.

सप्टेंबरात महाळुंगे झाडावर हिरवीच दिसतील, पण मुरांब्याच्या बरण्या चौकातल्या दुकानात असतात. आणलीत तर बरणी मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली होती. विमानतळावरच्या तपासणीत पाकामुळे ती अडली आणि आईने तिथेच रांगेबाहेर उभे राहून दोन फोडी खाल्ल्या, एक मला दिली, आणि मग बरणी त्यांच्या हाती सोपवली.