अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कमध्ये जेवणाचा खर्च कसा आवरायचा?

प्रश्न: चौघे जण, दोन मुलं, 4 दिवस. आतलं खाणं दरवर्षी महागतंय. घरचं नेता येतं का?

उत्तर 1: हो, बाहेरचं खाणं चालतं. काचेची बरणी मात्र नको, त्यामुळे लोणचं प्लास्टिकच्या डब्यात. कूलर 24 × 15 × 18 इंचांहून मोठा नको. सुटा बर्फ आणि ड्राय आइस अडवतात, त्याऐवजी थंडावा टिकवणारे जेल पॅक गोठवून ठेवा. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम. दहीभात नकोच! 32 अंशांवर तो तासाभराहून जास्त बाहेर ठेवणं सुरक्षित नाही.

उत्तर 2: पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. मशीनमधून ग्लासात भरून शीतपेय (फाउंटन ड्रिंक) देणाऱ्या क्विक सर्व्हिस काउंटरवर, म्हणजे झटपट खाणं मिळतं तिथे, बर्फाचं पाणी फुकट देतात, नुसतं मागायचं. चव आवडत नसेल तर लिंबू सरबताची पावडर न्या. एक जेवण आत घ्यायचंच असेल तर आधी डिस्नेच्या ॲपवर मेन्यू आणि दर बघा. रांगेत, भुकेल्या मुलांसमोर ठरवलं की हमखास जास्त मागवलं जातं.

उत्तर 3: भारतातून थेट येणार असाल तर ताजी फळं, भाज्या, मांस आणू नका. बाकी खाणं कस्टम्सला जाहीर करा. फळं, ब्रेड, दूध ऑर्लँडोतल्या किराणा दुकानातून घ्या.