हळदीकुंकू उडाला की उडालं? पाणपक्ष्यांच्या नावांची शब्दचर्चा

पाणपक्ष्यांचे फोटो टाकताना खाली मराठीच नाव लिहायचं असं ठरवलंय, पण दरवेळी कुठेतरी अडतंच. हळदीकुंकू नावाचं बदक आहे, तर 'हळदीकुंकू उडाला' लिहू, 'उडाली' लिहू की 'उडालं'? आणि वारकरी नावाच्या पक्ष्याबद्दल 'चार वारकरी पाण्यात उतरले' असं लिहिलं तर दोघांनी खाली 'रामकृष्णहरी' लिहून ठेवलं. जाणकारांनी सांगा.

---

उडालं. पक्ष्याच्या नावाचं लिंग शब्दावरून ठरतं, समोर नर आहे की मादी यावरून नाही, म्हणून टिटवी कायम ती आणि बगळा कायम तो, मग तो 'तो' अंडी उबवत का बसलेला असेना. कुंकू नपुंसकलिंगी, बदकही नपुंसकलिंगी, त्यामुळे प्रश्नच नाही. खरी गंमत प्रत्यय लावताना येते. 'हळदीकुंकूचं पिल्लू' कानाला खटकतं, 'हळदीकुंकवाचं पिल्लू' व्याकरणात चोख पण ऐकणारा हसणारच. मी सरळ हळदीकुंकू बदक लिहितो, म्हणजे सगळे प्रत्यय बदकाच्या गळ्यात. खंड्या, शेकाट्या, थापट्या यांचं अनेकवचन बोलताना कोणी करत बसत नाही, 'दोन शेकाट्या उभे आहेत' म्हणतो आपण, किती ते क्रियापद सांगतं.

---

नाव का पडलं ते एकदा झूम करून बघा हो, परत विसरणार नाही. काळी चोच, तिचं टोक पिवळंधमक आणि चोच जिथे कपाळाला टेकते तिथे दोन बाजूंना दोन लाल ठिपके, झालं हळदीकुंकू. ठिपके मादीला बारीक आणि फिके असतात आणि उन्हाच्या उलट बाजूने काढलेल्या फोटोत तर दिसतच नाहीत, मग लोक विचारत बसतात कुठलं बदक.

वारकरी तसाच. अंगभर काळा आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा, चोचही पांढरी. चांदवा हे त्याचंच दुसरं नाव, तेही त्या कपाळावरूनच. पाण्यावर तरंगतो म्हणून सगळे त्याला बदक म्हणतात पण तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे, बदकासारखे सलग पडद्याचे पाय नसतात त्याला, प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या पाळ्या असतात. चिखलात चालताना काढलेला फोटो असेल तर स्पष्ट दिसतात.

पण माझं आवडतं नाव वंचक. काही भागात ढोकरी म्हणतात. काठावर मान खांद्यात घालून बसलेला, मातकट, गळ्यावर तपकिरी रेघा, तुम्ही त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जाता आणि दोन पावलांवरून तो उडतो तेव्हा पंख एकदम पांढरे, म्हणजे बसला तेव्हा वेगळा पक्षी होता आणि उडाला तो वेगळाच असं वाटावं. वंचक म्हणजे फसवणारा, ह्याहून नेमकं नाव काय ठेवणार.

ही नावं ठेवणाऱ्यांनी पक्षी जवळून बघितलाय हे कळतं. चमचा पक्ष्याला दर्विमुखही म्हणतात, शब्द चांगलाच आहे, दर्वी म्हणजे पळी किंवा डाव, पण चमचा म्हटल्यावर जी चपटी चोच डोळ्यासमोर येते ती दर्विमुखाने येत नाही. माझं मत, चमचाच लिहा.

---

सगळं मान्य पण नुसत्या बोलीतल्या नावावर नोंदी ठेवू नका. पाणकोंबडी पाहिली म्हणजे नक्की काय पाहिलं? लाल कपाळाची साधी, पांढऱ्या छातीची, की ती जांभळी दांडगी? तिघींना पाणकोंबडीच म्हणतात. खंड्याचंही तेच, पाण्यावर एका जागी फडफडत राहून मग सूर मारणारा काळापांढरा असेल तर निदान कवड्या खंड्या लिहा. (कवडी मैना, कवड्या साप, जिथे काळंपांढरं तिथे ही कवडी येतेच.) फोटोखाली मराठी नाव आणि यादीत शास्त्रीय नाव, असं मी करतो.

---

नावांपेक्षा मला क्रियापद खटकतं. पूर्वी 'काय काय दिसलं?' विचारायचे, आता कॅमेरेवाले 'काय काय मिळालं?' विचारतात. भोवत्या (हा शिकारी पक्षी) मिळाला, चमच्याचा फ्लाइट शॉट मिळाला, लाइफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) मिळाला. शिकारीची भाषा आहे ही. आणि भोवत्या मिळावा म्हणून होडी पार गवतात घालायला लावतात नावाड्याला, सगळा थवा उठतो. शब्द बदलून माणूस सुधारेल असं नाही म्हणत मी पण 'फोटो मिळाला' ठीक, 'पक्षी मिळाला' नको.

---

^ शंभर टक्के सहमत. जाता जाता भोवत्या शब्द पण बघा, भोवणं म्हणजे गोल फिरणं, तो गवतावरून खालून खालून घिरट्या घालतो तेच.

---

बगळ्यांची घरटी एका झाडावर असतात त्याला मराठीत काय म्हणायचं? रातनिवारा वाचलंय कुठेतरी.

---

नाही, दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही पक्षितज्ज्ञ लेखक मारुती चितमपल्लींनी रूढ केलेले. रातनिवारा म्हणजे पक्षी नुसते रात्री मुक्कामाला येतात ती जागा. घरटी करून पिल्लं वाढवतात ती वीण-वसाहत म्हणजे सारंगागार, कावळ्यांची असेल तर काकागार. सारंगागारात बगळ्यांच्या शेजारी पाणकावळे, शराटी, चमचेही घरटी करतात तरी नाव तेच चालतं. फक्त फोटोखाली सारंगागार लिहिलंत तर जागा लिहू नका, रातनिवाऱ्यावर गर्दी झाली तर पक्षी दुसरं झाड बघतील, पण उघडी पडलेली अंडी आणि पिल्लं कावळे घेऊन जातात.