मोहल्ला कमिटी साहेबामुळे चालते की बीट हवालदारामुळे?

चौकातला:
भिवंडीत 1970 ला आणि 1984 ला दंगली झाल्या, पण 1992-93 ला शेजारची मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. त्याआधी सुरेश खोपडे तिथे डीसीपी (पोलीस उपायुक्त) असताना मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या होत्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजातली साधी माणसं एकत्र बसायची. माझं स्पष्ट मत, हे वरिष्ठांचंच काम आहे. साहेबांनी मनावर घेतलं की खालचे हलतात, नाहीतर शांतता कमिटी म्हणजे गणपती-मोहरमच्या आधी चहा-बिस्किटं आणि फोटो.

खाकीतली_लेक:
अजिबात नाही पटलं. मग 2006 ला त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल होऊन दोन पोलीस मारले गेले ते कसं? साहेब बदलून जातात हो. माझे बाबा हवालदार होते, बीटमधल्या, म्हणजे नेमून दिलेल्या भागातल्या, कुठल्या घरात भावाभावांत वाटणीचं भांडण आहे, कुठला पोरगा नुकता सुटून आलाय सगळं तोंडपाठ, पण मीटिंगमध्ये विचारणा काय तर वॉरंट किती बजावले, गुन्हे किती निकाली काढले. मिटवलेल्या भांडणाची नोंद कुठेच नाही, आणि जरा कुठे ओळखी झाल्या की बंदोबस्ताला दुसरीकडे रवानगी!

चौकातला:
अगं मग ती विचारणा बदलणार कोण? साहेबच ना.

रानवाट:
दोघंही कमिटीला फार पवित्र समजताय. आमच्याकडे मेंबर म्हणजे पोलीस ठाण्यातला दलाल, गरिबाची तक्रार लिहून घेण्याआधी हाच तडजोडीला बसतो. 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम आली, हेतू चांगलाच होता, पण आमच्या गावात बक्षिसासाठी तंटे कागदावरच मिटले आणि नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन आलेल्या बाईलासुद्धा घरी समजुतीने घ्या म्हणून परत पाठवलं. असली कमिटी नसलेलीच बरी.

खाकीतली_लेक:
@रानवाट बाईच्या बाबतीत 100 टक्के सहमत, मारहाणीत तडजोड नकोच, गुन्हा दाखल झाला पाहिजे. पण म्हणून कमिटीच बंद करायची का? मेंबर दरवर्षी बदला, राजकीय कार्यकर्ते बाहेर ठेवा, आणि पीआयने (पोलीस निरीक्षकाने) महिन्यातून एकदा तरी हवालदाराला न सांगता वस्तीत जाऊन लोकांनाच विचारावं, तुमचा बीट अंमलदार कोण, शेवटचा कधी आला होता. सुपरव्हिजन म्हणजे हेच, नुसत्या रजिस्टरवर सह्या नव्हेत.

चौकातला:
हे मान्य. पण कायद्यातच पीआयची एका पोलीस ठाण्यातली मुदत साधारण दोन वर्षं, तेवढ्यात हे बसेल का याची मला अजून शंका आहे. निदान चार्ज देताना जुन्या पीआयने नव्याला एक दिवस वस्तीत फिरवून माणसांची ओळख तरी करून द्यावी.