महागड्या फाटक्या कपड्यांसाठी शब्द : सोंग, दैन्य की विलास?

फाटके, मळके, विटके रूप मुद्दाम घडवून ते अव्वाच्या सव्वा किमतीला विकण्याच्या पद्धतीला ‘गरिबीची फॅशन’ म्हणावे, तर त्यातून गरिबांनी केलेली फॅशन असा भलताच अर्थ निघतो. ‘दारिद्र्याचे सोंग’ हा प्रयोग अधिक जवळचा वाटतो, परंतु सोंग आणणाऱ्याला समोरच्याची फसगत हवी असते, आणि इथे तर पाहणाऱ्याने वस्तूची खरी किंमत ओळखावी अशीच अपेक्षा असते. बालेन्सियागा या महागड्या फॅशन कंपनीने २०२२ मध्ये कडा उसवलेले, तळवे काळवंडलेले कापडी बूट १,८५० डॉलरला विकायला काढले आणि त्यांचे केवळ १०० जोड केले. ते घालणाऱ्याला कोणी खरोखरच कंगाल समजले, तर त्याचा सगळा खर्च वाया जाईल.

माझ्या मते इथे ‘दारिद्र्य’ आणि ‘दैन्य’ यांतला फरक महत्त्वाचा आहे. दारिद्र्य म्हणजे साधनांचा अभाव, आणि तो दिसेलच असे नाही. एकुलता एक सदरा रोज रात्री धुऊन सकाळी नीटनेटका घालणारा माणूस दरिद्री असतो, पण तो दैन्य दिसू देत नाही. फॅशन उचलते ते हे दिसणारे दैन्य. जानेवारी २००० मध्ये फॅशन डिझायनर जॉन गॅलियानोने दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी पॅरिसमधील सीन नदीकाठच्या बेघरांवरून कपडे बेतले, वर्तमानपत्राच्या छपाईचे कापड वापरले, मॉडेलच्या अंगावर पत्र्याचे पेले लटकवले. त्यावर पॅरिसमध्ये निदर्शने झाली, आणि ती रास्तच होती. म्हणून ‘बुद्धिविलास’, ‘कल्पनाविलास’ यांच्या चालीवर मी ‘दैन्यविलास’ सुचवतो. बोलताना ‘दैन्य मिरवणे’ पुरेसे आहे.

मात्र प्रत्येक भोकाला हा शब्द लावू नये. जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबोने १९८२ च्या सुमारास विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून भोके पडलेले स्वेटर केले, तेव्हा तिचे लक्ष विणीच्या घडणीकडे होते. कोणा बेघराचे रूप तिने उचलले नव्हते. ठिगळाचेही तसेच आहे, कारण ठिगळ कापड टिकवण्यासाठी लावतात. लक्तर म्हणजे ते टिकवणे संपल्यावर उरलेले कापड.

वर्णन करताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘फाटकी’ जीन्स वापराने फाटते, कारखान्यातली ‘फाडलेली’ असते; कापड अंगावर ‘झिजते’, कारखान्यात ते ‘झिजवले’ जाते. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, कारण ‘झिजवले’ म्हटले की झिजवणारा कोण, हे विचारावे लागते. तुर्कस्तानात जीन्सवर वाळूचा झोत मारून ती विटकी करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन त्यांना सिलिकोसिस झाला, त्यात तरुण माणसे दगावली, आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली.