मदत हवी आहे: रेडिएशनने सोललेल्या त्वचेवर काय लावायचं?

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे. २५ पैकी १९ सिटिंग झाल्या. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, आम्हाला वाटलं सुटलो! मग लाली आली, काखेकडची कातडी काळपट पडून कोंड्यासारखी सुटायला लागली. आज रात्री कपडे बदलताना स्तनाच्या खालच्या घडीत कापड चिकटलेलं दिसलं. कोमट पाण्याने भिजवून सोडवलं, तर खाली नखाएवढा गुलाबी, ओला भाग. आई नुसती "पंखा लाव" म्हणाली.

डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून मोमेटासोन क्रीम (लाली-सूज कमी करणारं स्टेरॉइड) दिलंय, ते दिवसातून एकदा लावतो. आता ओल्या भागावरही तेच लावायचं का? भाजल्यावर लावायची सिल्व्हर सल्फाडायझिनची ट्यूब घरात आहे, ती चालेल? शिवाय एक जण सांगतं सिटिंगआधी काहीही लावू नका, दुसरं म्हणतं पातळ थर चालतो. कोरफडीचा जेल सुचवणारे तर रोज भेटतात. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी यातून गेले आहे. मोमेटासोन अखंड त्वचेवर चालू ठेवा, ओल्या भागावर मात्र डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नको. मला तिथे न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग दिलं होतं, कापड घासायचं थांबलं आणि निम्मा त्रास गेला. साधी चिकटपट्टी अजिबात लावू नका, काढताना कातडीच येते. आणि शेवटच्या सिटिंगनंतरही आठवडा-दोन आठवडे हे वाढू शकतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरून रडले होते.

प्रतिसाद २
रेडिएशन विभागात काम करतो. क्रीमचा जाड थर असला की वरच्या कातडीला डोस जास्त बसतो, भीती त्याची. एक-दोन मिलिमीटरपर्यंतच्या थराने मोजण्यासारखा फरक पडत नाही, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. तरी तुमच्या विभागाचा नियम पाळा. सिल्व्हर सल्फाडायझिन मनाने नको: त्याचा पांढरा थर सिटिंगआधी काढावा लागतो, आणि सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते चालतच नाही. कोरफडीने गार वाटतं, पण त्वचा वाचते असं चाचण्यांत काही ठरलेलं नाही. कॅलेंड्युला (झेंडूसारखं एक फूल) मलमाची २००४ ची फ्रान्समधली २५४ रुग्णांची चाचणी चांगली होती, पण ती आधीपासून लावण्याबद्दल. उघड्या जखमेवर नको. रोज कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं. फक्त मार्किंगच्या रेषा (किरण कुठे द्यायचे यासाठी कातडीवर काढलेल्या) जपा. पू, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उद्या सिटिंगच्या आधीच दाखवते. ॲलर्जीचं वाचून आईला विचारलं, तर म्हणते एकदा कुठल्याशा गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं. गोळीचं नाव आठवत नाही! तेही सांगते.